आधी सांगा, तुम्ही कोण

एरंडवण्यात सायकलच्या दुकानावर एक खोली आहे,
पंखा फिरतो, वारा देत नाही.
रविवारी नऊला तिथे आम्ही सातजण,
पाच लॅपटॉप, एकच एक्स्टेंशन बोर्ड,
आणि टेकडीवरच्या झाडांची यादी,
जी आजवर अकरा वेळा पूर्ण झाली आहे.
यादी_अंतिम. यादी_अंतिम_दोन.
यादी_खरंच_अंतिम. यादी_हीच_धरा_खळदकर.
तो शेवटचा खळदकर म्हणजे मी.

तहसीन बागवान शिकवते. वय तेवीस असेल.
म्हणाली, काका, आजपासून फाइलच्या नावाला शेपट्या लावायच्या नाहीत.
बदल करा, आणि काय केलं ते एका ओळीत सांगा.
याला म्हणायचं कमिट.
मागचं काही पुसलं जात नाही,
खोडलेलं झाडही जुन्या पानावर उभं असतं.
मी म्हटलं, बाई, एकतीस वर्षं मुद्रितशोधक होतो मी,
सदाशिव पेठेत.
खोडण्याचाच पगार घेतला.

पहिल्याच कमिटला यंत्र अडलं.
इंग्रजीत काहीतरी म्हणालं. तहसीनने सांगितलं,
ते विचारतंय, आधी सांगा, तुम्ही कोण.
पुण्यात हा प्रश्न नवा नाही.
दारावरच्या पाट्याही तोच विचारतात,
पण त्यांना उत्तर नको असतं.
याला हवं होतं. नाव, ईमेल,
आणि मग प्रत्येक ओळीमागे ते चिकटवून ठेवणार.
स्वतःचं आडनाव टाइप करताना मी दोनदा चुकलो.

मग फांद्या.
ज्याला जे करून पाहायचं त्याने आपल्या फांदीवर करावं,
खोडाला धक्का नाही.
जमलं तर जोडायचं, नाही तर सुकू द्यायचं.
झाडं मोजणाऱ्यांना हे लगेच कळलं.
फक्त डॉक्टर ओगले अडून बसले,
की फांदी कधी परत खोडाला येऊन मिळत नाही.
वडाच्या पारंब्या धरल्या तर गोष्ट वेगळी,
असंही तेच म्हणाले.

जोडताना एकशे बारावी ओळ अडकली.
मी तिथे लिहिलं होतं, मोई.
कात्रजच्या रोपवाटिकेतून सुलभा चोरघ्यांनी, शेमट.
यंत्राने दोन्ही शब्द एकाखाली एक मांडले,
मधे बरोबरच्या चिन्हांचं कुंपण,
आणि गप्प बसलं.
ते निवाडा करत नाही, तहसीन म्हणाली,
फक्त दाखवतं. बोलायचं माणसांनी.
मी बोललो नाही. शेमट खोडला, मोई ठेवला.
हाताची सवय.

चहानंतर तिने शेवटचा शब्द शिकवला. ब्लेम.
कुठल्याही ओळीवर बोट ठेवा,
कोणी, कधी बदलली ते समोर येतं.
नाव जरा कडक आहे, म्हणाली,
पण भांडायला नाही हं ते, विचारायला.

सत्त्याऐंशीचा मार्च. एका पतपेढीचा अहवाल.
कुठल्याशा आकड्यातलं शेवटचं शून्य
मी दुसऱ्या प्रुफावर निळ्या पेन्सिलीने उडवलं.
बाबू शिळीमकर आमचा खिळेजुळारी.
त्याला खूण दिसली, त्याने शून्य काढलं.
दोन हजार प्रती रद्दीत.
तो मालकांना सांगत राहिला,
खूण होती, साहेब, खूण होती.
प्रूफ सापडलं नाही.
मी चष्मा पुसत होतो.
सोमवारी त्याच्या जागी दुसराच माणूस उभा होता,
आणि त्याला 'क्ष'चा कप्पा सापडत नव्हता.

काका, काही अडलं का?
म्हटलं, एकशे बारावी ओळ पुन्हा उघडून दे.
चोरघ्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या,
आमच्याकडे शेमटच म्हणतात, तुमच्यात मोई असेल,
दोन्ही लिहा की. जागेला काय भाडं पडतं?
लिहिले दोन्ही.
मग जिथे काय केलं ते सांगायचं, त्या ओळीत
एका बोटाने अक्षरं जुळवत गेलो:
शेमट परत घेतला. चुकून गेला नव्हता, मी काढला होता.

खाली सही करायला जागा शोधू लागलो,
तर तहसीन म्हणाली,
नाव लागलंय, काका. ते आधीच लागलंय.